ओव्या मोबाइलमध्ये आल्या, आता पुढे काय?

प्रश्न आला आहे भोर तालुक्यातल्या एका शिक्षिकेकडून. थोडक्यात असा : गावात जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या सात-आठ म्हाताऱ्या बायका उरल्या आहेत. काहींच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकल्या आहेत. घरात आजीच्या आवाजाच्या काही जुन्या कॅसेटी आहेत. हे सगळं टिकावं आणि लोकांपर्यंतही जावं, तर यूट्यूब चॅनल काढावं, वेबसाइट करावी की अ‍ॅप?

तुम्ही दोन वेगळी कामं एकाच दावणीला बांधली आहेत. ओव्या जपायच्या हे एक काम. त्या चार लोकांपर्यंत न्यायच्या हे दुसरं. दोन्हींसाठी लागणारी फाइल वेगळी, ठेवायची जागा वेगळी आणि बायकांकडून घ्यायची परवानगीही वेगळी. यूट्यूब दुसऱ्या कामाला उत्तम आहे, पहिल्याला अजिबात नाही. बहुतेक ठिकाणी मी पाहते ते असं की चॅनलवर पन्नास व्हिडिओ चढले म्हणजे परंपरा जपली गेली, असं सगळे धरून चालतात. त्या पन्नासांत गाणारी कोण, कुठली, हे एकाही व्हिडिओखाली लिहिलेलं नसतं.

ओव्यांच्या बाबतीत आपल्याकडे पाहण्यासारखं एक मोठं काम झालेलं आहे, ते आधी समजून घ्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकात ते सुरू केलं. मुळशी-मावळच्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेच्या बायकांबरोबर चाललेल्या कामातून ते उभं राहिलं. पुढे हजाराहून जास्त गावांतल्या एक लाखाहून जास्त ओव्या लिहून झाल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचे अभ्यासक त्यात आले आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. पॉइटवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. त्यानंतर २०१७ पासून पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, या ओव्या इंटरनेटवर आणू लागली.

आता तारखा नीट बघा. माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या १९९६ साली रेकॉर्ड झाल्या. तेव्हा यूट्यूब नव्हतं, ते २००५ साली आलं. पारी २०१४ साली सुरू झाली. म्हणजे रेकॉर्ड करणाऱ्यांना हे साहित्य पुढे कुठे दिसणार आहे याची काहीच कल्पना नव्हती. तरी वीस वर्षांनी माणसं पुन्हा त्याच वस्तीत जाऊन त्याच बायकांना भेटू शकली, कारण गाव, वस्ती, गाणारीचं नाव आणि ओवीचा विषय या नोंदी केलेल्या होत्या. तुम्हाला आज जे करायचं आहे ते हेच. आज जे प्लॅटफॉर्म आहेत त्यांतले किती वीस वर्षांनी असतील, हे तुम्ही ठरवू शकत नाही. नोंदवही तुमच्या हातात आहे.

पूर्वी लोकांनी जपलं नाही असं नाही. बाराव्या शतकातल्या सोमेश्वर या चालुक्य राजाच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. साने गुरुजींनी गावोगावच्या बायकांच्या ओव्या जमवून छापल्या. शब्द राहिले, पण म्हणणारीचा गळा राहिला नाही. मोबाइलमुळे पहिल्यांदाच दोन्ही गोष्टी कुणालाही, फारसा पैसा न घालता, एकत्र ठेवता येतात. म्हणून रेकॉर्डिंगकडे जरा जास्त लक्ष द्या.

सगळ्यात आधी ज्या फोनवर रेकॉर्ड केलंत त्या फोनमधली मूळ फाइल शोधा. ग्रुपवर आहे तो व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपने दाबून लहान केलेला आहे आणि त्याचं नावही बदललेलं आहे. ती मूळ प्रत नव्हे. मूळ फाइल सापडली की तिला हात लावू नका. मागचा कुत्रा, पंखा, पोराचं रडणं कापून काढायचं असेल तर वेगळ्या प्रतीत काढा. आवाज ‘साफ’ करणारी अ‍ॅप जात्याची घरघरही गोंगाट समजून खातात, आणि तिच्याबरोबर ओवीतला ठेकाही जातो.

यापुढे रेकॉर्ड करताना रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये वेव्ह (WAV) फाइल निवडा, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट. अभिलेखागारांमध्ये ध्वनीसाठी किमान एवढी प्रत धरली जाते. स्टिरिओ असेल तर तासाला सुमारे १ जीबी जागा जाते. आजच्या हिशेबात ही काही फार नाही. तुमच्या फोनमध्ये ती सोय नसेल तर सोय असलेलं अ‍ॅप टाकून घ्या, आणि तेही नसेल तर आहे त्यात करा. बाई आज गाते आहे, चांगला रेकॉर्डर पुढच्या दिवाळीत येणार आहे, म्हणून थांबायचं नसतं.

फोन जमिनीवर ठेवू नका. जात्याची घरघर कोब्यातून किंवा फरशीतून थेट माइकमध्ये शिरते आणि शब्द बुडतात. घोंगडीची घडी करून स्टुलावर ठेवा, त्यावर फोन, गाणारीच्या तोंडाच्या उंचीला आणि थोडा बाजूला. फोन फ्लाइट मोडवर टाका. फ्रिज त्या अर्ध्या तासापुरता बंद करायला घरातले तयार होतात, विचारून बघा. कोंबडा ओरडला तर ओरडू दे.

आणि जातं हवंच. ते परसात पालथं पडलेलं असेल, त्यावर तुळशीची कुंडी असेल, तरी आणा, धुवा, मांडा. खुर्चीवर बसवून ‘आजी, ओवी म्हणा’ म्हटलं की चार ओव्यांत आठवण आटते. हातात खुंटा आला, समोर दुसरी बाई बसली, एकीने ओळ टाकून दुसरीने उचलली की विसरलेल्या ओव्या आपसूक येतात. ओवीची लांबी, दोन ओळींमधला श्वास, ‘बाई’ आणि ‘गं’ कुठे पडणार हे सगळं त्या फेऱ्याशी बांधलेलं असतं. जात्यात मूठभर दाणे घाला. रिकामं जातं ओढलं तर दगडावर दगड घासतो आणि आवाज कानाला लागतो. शक्य असेल तर पुरुष मंडळींना तेवढा वेळ बाहेर चहाला पाठवा. सासऱ्या-दिरांसमोर, अगदी मुलासमोरही, बाया ठरावीक देवाच्या ओव्याच म्हणतात.

आता नोंदी. हा कंटाळवाणा भाग आहे आणि सगळं काम त्यावरच उभं राहतं. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तुमच्याच आवाजात तारीख, गाव, हजर असलेल्यांची नावं बोला. मग गाणारीला विचारा : नाव, अंदाजे वय, माहेर कुठलं, सासर कुठलं, ओव्या कुणाकडून आल्या. माहेर-सासरचे दोन रकाने वेगळे हवेतच. भोरच्या तुमच्या गावात राहणारी बाई मावळातून आलेली असेल, तिच्या ओव्या तिच्या आईच्या आणि चुलत्यांच्या घरच्या असतील. ओवी लग्नाबरोबर गाव बदलते. नुसतं ‘गाव : अमुक’ लिहिलंत तर उद्या कुणी या भागाच्या बोलीचा अभ्यास करायला बसेल त्याची दिशाभूल होईल. जात लिहायची की नाही हा प्रश्न येतोच. मी गाणारीला विचारते. तिने सांगितली आणि लिहायला हरकत नाही म्हणाली तर नोंदीत ठेवते, जाहीर पानावर आपणहून टाकत नाही.

हे सगळं साध्या एक्सेल किंवा गूगल शीटमध्ये चालतं. फाइलचं नाव मात्र आकडे आणि रोमन अक्षरांत ठेवा : आधी वर्ष-महिना-दिवस, मग गाव, मग गाणारीचा क्रमांक, मग रेकॉर्डिंगचा क्रमांक. देवनागरी नावं काही जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आणि झिप करताना अजून मोडतात. नोंदी देवनागरीतच लिहा, पण युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होतं त्या पद्धतीत. डीटीपीवाल्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या किती वह्या आज कुणालाही उघडून वाचता येत नाहीत! फाइल उघडते, पण अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं.

ओव्या उतरवून घेताना शिक्षिका म्हणून तुमचा हात शिवशिवेल, तो आवरा. बाई ‘पानी’ म्हणाली तर ‘पानी’, ‘व्हतं’ म्हणाली तर ‘व्हतं’. शुद्धलेखन तपासायला ही निबंधाची वही नाही. पण मग शोधायचं कसं? त्यासाठी शेजारी दुसरा रकाना करा, त्यात तीच ओवी प्रमाण मराठीत लिहा. शोध घेताना हा रकाना उपयोगी पडेल, वाचताना पहिला. ज्या शब्दाचा अर्थ लागत नाही तो तसाच लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवा. अंदाजाने ‘सुधारलेला’ शब्द पुढे कायमचा तसाच राहतो.

मशीनकडून उतरवून घेता येईल का, असं हल्ली सगळे विचारतात. मराठी बोललेलं ओळखणारी साधनं आता बरी झाली आहेत, आणि आजीशी मारलेल्या गप्पा उतरवायला त्यांचा उपयोग होतो. ओवीला होत नाही. गाताना ताणलेले स्वर, मध्ये जातं, वर मावळी बोली : यातून जे बाहेर पडतं ते दुरुस्त करण्यापेक्षा कानाने ऐकून लिहिणं लवकर होतं. तुमच्या शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलींना हे काम द्या. घरी जाऊन आजीला शब्दाचा अर्थ विचारता येतो ही सोय कुठल्याच मशीनमध्ये नाही.

परवानगीवर जरा जास्त बोलते, कारण गावातले संबंध यावरून बिघडतात. बहुतेक लोक विचारतात, ‘आजी, रेकॉर्ड करू का?’ आजी म्हणते, ‘कर की बाळा.’ तिने होकार दिला तो समोर बसलेल्या नातीला. जगभरातल्या अनोळखी लोकांनी आपल्याला फोनवर बघावं याला तो होकार नव्हता. आणि ओवीत काय काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. सासूने दिलेला जाच, जावेचा टोमणा, दारू पिणारा नवरा, माहेरी न नेणारा भाऊ, आणि भावाचं तर नावही घातलेलं. सासू गेली असेल, पण नणंद त्याच गावात आहे. एका गावात अशाच एका ओवीवरून दोन घरांचं बोलणं बंद झालं. व्हिडिओ टाकणाऱ्या पोराचा हेतू चांगलाच होता.

म्हणून प्रश्न तोडून विचारा, आणि उत्तरं तोंडीच रेकॉर्ड करा. छापील अर्जावर अंगठा घेण्यापेक्षा हे कितीतरी खरं असतं. रेकॉर्ड करून ठेवू का? घरच्यांना ऐकवू का? गावात, शाळेत ऐकवू का? इंटरनेटवर टाकू का? टाकलं तर नाव सांगू का? चेहरा दाखवू का? यातून कुणी पैसे कमावले तर चालेल का? प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल. ‘आवाज टाक, त्वांड नको’ असं सांगणाऱ्या बऱ्याच भेटतील. इंटरनेट म्हणजे काय हे बोलून समजत नाही, तेव्हा दुसऱ्याच कुठल्या तरी गावच्या बाईचा यूट्यूबवरचा व्हिडिओ आणि त्याखाली लोकांनी काय काय लिहिलंय ते दाखवा, मग विचारा. संपूर्ण रेकॉर्डिंग झाल्यावर ते तिला ऐकवून पुन्हा एकदा विचारा. बोलण्याच्या ओघात आलेली एखादी ओवी ती तेव्हा काढायला सांगते. ती ओवी मूळ प्रतीत राहू दे की तिथूनही जाऊ दे, हेही तिलाच विचारा.

ओव्यांपलीकडे गेलात तर हे आणखी नाजूक होतं. वारली लग्नात धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, चौकाशी, म्हणजे भिंतीवरच्या लग्नाच्या चित्राशी, जे गाते ते त्या विधीचं असतं, करमणुकीचं नसतं. गोंधळ, जागरण, अंगात येणं यांचं चित्रण करण्याआधी ते ज्यांचं आहे त्यांनी ठरवलेल्या मर्यादा पाळायच्या, मग कॅमेरा कितीही महागडा असो.

कायद्याचं थोडक्यात. पारंपरिक ओवीच्या शब्दांना कुणी एक लेखक नाही, त्यामुळे त्यांवर कुणाचा कॉपीराइट नाही. पण गाणाऱ्या बाईला तिच्या सादरीकरणावर हक्क आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात तो १९९४च्या दुरुस्तीने नीट बसवला गेला, २०१२च्या दुरुस्तीने आणखी बळकट झाला, आणि त्याची मुदत ५० वर्षं आहे. ध्वनिमुद्रणाचा वेगळा हक्क असतो, तो मुद्रण करवणाऱ्याकडे, म्हणजे तुमच्याकडे येतो आणि ६० वर्षं टिकतो. कागदावर तुमचं पारडं जड आहे. म्हणूनच ‘हे कोणत्याही धंद्यासाठी विकणार नाही, विचारल्याशिवाय कुणाला देणार नाही’ असं तुम्ही त्याच रेकॉर्डिंगमध्ये बोलून ठेवा. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रं-आवाजांच्या खुल्या साठ्यावर, टाकणार असाल तर मात्र असं वचन देऊ नका. तिथे फक्त असाच परवाना चालतो ज्यात कुणीही, पैसे कमावण्यासाठीसुद्धा, फाइल वापरू शकतो, आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. वर सांगितलेला पैशाचा प्रश्न त्यासाठीच होता.

ठेवायचं कुठे? तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. उदाहरणार्थ, एक तुमच्या संगणकावर, एक पुण्याला राहणाऱ्या भावाकडच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडमध्ये. पेन ड्राइव्ह नेण्या-आणण्यासाठी, ठेवण्यासाठी नाही. हार्ड डिस्क दर काही वर्षांनी बदलायची, आणि वर्षातून एकदा, दसऱ्याला म्हणा हवं तर, सगळ्या फाइली उघडतात का ते बघायचं.

जाहीर करायला परवानगी असलेल्या ओव्या इंटरनेट आर्काइव्ह (archive.org) या ऑनलाइन संग्रहावर टाका. फुकट आहे, तुम्ही चढवलेली मूळ फाइल तशीच ठेवतं, आणि तीच कुणालाही उतरवून घेता येते. त्याच्यावरही एकट्यावर विसंबू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यानंतर ते बरेच दिवस बंद किंवा अर्धवट चालू होतं. यूट्यूबवर तीच ओवी पाच मिनिटांच्या आत, खाली शब्द, गाणारीचं नाव आणि गाव देऊन टाका. तिथे एक कटकट होऊ शकते : एखाद्या कंपनीने तीच पारंपरिक चाल कुठल्या अल्बममध्ये वापरलेली असते आणि यंत्रणा आपोआप तुमच्या व्हिडिओवर त्यांचा दावा लावते. घाबरून व्हिडिओ काढू नका. हरकत नोंदवायची सोय असते. चाल पारंपरिक आहे आणि मुद्रण तुमचं आहे, एवढं लिहून नोंदवा.

पण या सगळ्याआधी ओव्या गावात परत जाऊ देत. गाणाऱ्या बायकांपैकी अनेकींकडे स्मार्टफोन नाही, असला तरी तो नातवाच्या हातात असतो. त्यांच्या साध्या फोनमध्ये किंवा देवापाशी वाजणाऱ्या छोट्या स्पीकरमध्ये मेमरी कार्ड बसतं. त्यात त्यांच्याच ओव्या घालून द्या. मी असं दिलं की दोन गोष्टी हमखास होतात. एक, बाई स्वतःचं ऐकून म्हणते, ‘हितं चुकलं, अशी न्हाई ती,’ आणि बरोबर ओवी सांगते. दोन, शेजारीण ऐकायला येते आणि तिला वेगळ्याच आठवतात. हळदीला, बारशाला डीजेच्या आधी दहा मिनिटं या ओव्या वाजल्या तर गावातल्या सुना त्या उचलतातही. चॅनलवर लाखभर लोकांनी बघितलं तरी ओव्या म्हणणारी एक नवी बाई तयार होत नाही.

आता तुमचे तीन पर्याय. अ‍ॅप नको. फोनची प्रणाली बदलत राहते, तसं अ‍ॅप दुरुस्त करत राहावं लागतं, आणि जुनी पडलेली अ‍ॅप स्टोअरवर दिसेनाशी होतात. ते बनवून देणारा हौशी इंजिनियर तोवर बंगळूरला गेलेला असतो. वेबसाइटला दरवर्षी पैसे भरावे लागतात. ते पाच वर्षांनी कोण भरणार याचं उत्तर आज ग्रामपंचायत, शाळा किंवा महिला मंडळ यांपैकी कुणी देणार असेल तरच काढा, आणि शंभरेक ओव्या नोंदींसकट तयार झाल्यावर काढा. तोवर इंटरनेट आर्काइव्ह आणि यूट्यूब पुरेसं आहे.

कॅसेटींचं मात्र या पावसाळ्याच्या आत करा. दमट हवेत फितीवर बुरशी धरते, पांढरे ठिपके खिडकीतून दिसतात. ठिपके दिसले तर ती कॅसेट घरच्या टेपवर लावू नका, जाणकाराकडे द्या. चांगल्या असतील तर आधी वरच्या काठाची दोन्ही छोटी पाती मोडा, म्हणजे चुकून वर दुसरं रेकॉर्ड होणार नाही. टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, मग लावा. स्पीकरसमोर मोबाइल धरून उतरवायचं नाही. टेपच्या हेडफोनच्या किंवा लाइन-आउटच्या भोकातून संगणकाला वायर जोडायची. संगणकावर ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर चालतं. दोन्ही बाजू शेवटपर्यंत चालवा, मध्ये शांतता आली तरी थांबवू नका. भजन संपल्यावर टेप चालूच राहिलेला असतो आणि मागे स्वयंपाकघरात कुणीतरी ओवी म्हणत असतं, असं बऱ्याच कॅसेटींवर सापडतं. आणि कॅसेटीच्या कव्हरवर आजोबांनी पेनाने जे काही लिहिलंय त्याचा फोटो काढून तोही फाइलबरोबर ठेवा.